पाच किलोमीटर आणि अम्माची अट

गेल्या अंकात हे सदर नव्हते. काही वाचकांनी पत्राने, काहींनी फोनवरून विचारले की तब्येत बरी आहे ना. तब्येत अल्लाहच्या मेहरबानीने उत्तम आहे. सदर राहिले त्याचे खरे कारण असे, की लिहायच्या वेळी आम्ही पाण्यात होतो. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते. वयाच्या ५३ व्या वर्षी आम्ही तिथे नाव दिले होते. अंतर ५ किलोमीटर. ते पुरे झाले की नाही, हे ओघात येईलच. आधी तयारीचे सांगतो, कारण घरात जे घडायचे ते तयारीच्या दिवसांतच घडले.

आमचे मूळ घर खाडीकाठचे. आजोबा गलबतावर तांडेल होते, वडील मुंबईहून बोटीवर खलाशी म्हणून गेले. पाण्यावर पोट भरणाऱ्या त्या घरात पोहायला मात्र एकालाही येत नव्हते. शहरातल्या मित्रांना हे खरे वाटत नाही, पण जुन्या खलाशांत ही गोष्ट सर्रास आढळे. वडील म्हणत, भर दर्यात पडलेल्याला पोहता आले काय आणि न आले काय, मरण थोडे लांबते एवढेच. त्यातून १७ जुलै १९४७ ची ती ‘रामदास’ बोट. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. कोकणच्या घराघरांत ती गोष्ट पुढच्या पिढ्यांना सांगितली गेली, आणि सांगणारी आजी शेवटी एकच वाक्य म्हणे, की पाण्याजवळ जायचे नाही. पाणी शिकून घ्या, असे म्हणणारी आजी आम्हाला भेटली नाही.

आमच्या घराला आणखी एक कारण होते. आमचा थोरला भाऊ. आम्ही अकरा वर्षांचे, तो सोळाचा. पाण्याला न जाण्याचा हुकूम मोडून तो मोहल्ल्यातल्या पोरांबरोबर लपूनछपून थोडेफार पोहायला शिकला होता. एके दिवशी पैज लागली, खाडी पार करायची. ओहोटी लागलेली होती हे कुणाच्या ध्यानात आले नाही. निम्म्यावर गेल्यावर पाणी त्याला मुखाकडे ओढू लागले. जवळून एक होडी चालली होती. होडीवाल्याने हाक मारून विचारले, येतोस का? भाईने मान हलवून नाही म्हटले. काठावर दहा-बारा पोरे बघत होती. हे त्या पोरांपैकीच एकाने पुढे पुष्कळ वर्षांनी आम्हाला सांगितले. भाईचा मय्यत तिसऱ्या दिवशी मिळाला.

त्यानंतर अम्माने खाडीकडच्या पडवीत बसणे सोडले. घराचे तोंड पाण्याकडे, पण अम्माची खाट मागच्या परसात. चाळीस वर्षे तसेच चालले.

आम्ही पोहायला शिकलो ते चाळिशी उलटल्यावर, नोकरीच्या गावी, गुडघ्याच्या दुखण्यामुळे. डॉक्टरांनी सांगितले, चालणे कमी करा, पोहत जा. तरणतलावात पहिले पंधरा दिवस आमच्याबरोबर सात-आठ वर्षांची मुले होती. तीही आमच्या पुढे गेली. हळूहळू पाणी अंगवळणी पडले आणि मग वाटले, धाकट्या लेकीलाही शिकवावे. मुलांना पोहणे, तिरंदाजी आणि घोडेस्वारी शिकवा, असा सल्ला हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने सांगितला जातो. तो आपण वाझमध्ये ऐकतो, मान डोलावतो आणि घरी येऊन मुलाला पाण्यापासून लांब ठेवतो. घोड्याचे राहू द्या, पण तलावाची फी तर परवडते! तलावावर सकाळी बायकांसाठी वेगळी वेळ होती. लेकीच्या पोशाखाबद्दल तिच्या अम्मीला शंका होती. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले, पूर्ण बाह्यांचा, पूर्ण पायांचा पोशाख चालेल, फक्त सुती नको. सुती कापड पाणी पिते आणि जड होऊन खाली ओढते, पोहण्याचे कापड अंगाला धरून राहते. एवढ्या एका वाक्याने वर्षभराचा घोळ मिटला. ज्या घरांत अजून हा घोळ चालू असेल त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो.

स्पर्धेत नाव द्यायचे ठरले तेव्हा खरी अडचण अम्माला सांगण्याची होती. न सांगता गेलो असतो तर भाईनेही न सांगताच केले होते, हे मनातून जाईना. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा सांगून टाकले. अम्मा काही बोलली नाही. दोन दिवस आमच्याशीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहाचा कप पुढे ठेवताना म्हणाली, ‘‘एक अट आहे. दम लागला, पाय धरला, मन नको म्हणाले, तर हात वर करायचा आणि होडीत बसायचे. कोण बघतो, कोण हसतो, ते बघायचे नाही. कबूल असेल तर जा.’’

आम्ही कबूल म्हटले. त्या वेळी ही अट आम्हाला सोपी वाटली होती.

पावसाळाभर तलावातच तयारी केली, कारण त्या दिवसांत खाडीत उतरण्याचा प्रश्नच नाही. आमचा तलाव २५ मीटरचा. पाच किलोमीटर म्हणजे त्याच्या दोनशे लांब्या. मोजणी चुकायची, म्हणून काठावर खजुराच्या वीस बिया मांडून ठेवत असू. दहा लांब्या झाल्या की एक बी सरकवायची. आठवड्यातून चार दिवस पोहणे, त्यातला एक दिवस लांब. ऑगस्टअखेर दोनशे लांब्या पुऱ्या झाल्या. त्या दिवशी घरी येऊन आम्ही बरीच फुशारकी मारली. तलावात दर २५ मीटरला भिंत असते, तिला पाय लावून ढकलता येते, घटकाभर श्वास घेता येतो. ही भिंत वजा केली तर आपल्याला किती येते, ते समुद्रच सांगतो.

ऑक्टोबरपासून रविवारी गावी जाऊन खाडीत उतरू लागलो. एकटे कधीच नाही. चुलत भाऊ होडी घेऊन शेजारी, होडीत लेक, तिच्याजवळ पाण्याची बाटली, शिट्टी आणि फळीला बांधलेला टायरचा ट्यूब. पहिल्या दिवशी सरळ जातो आहोत असे समजून पोहत होतो आणि डोके वर काढले तर तोंड आल्या वाटेला! पाण्यात तळाची रेघ नसली की माणूस वाकडा जातो. आठ-दहा हात मारले की नाकापर्यंतच डोके काढून, सुसरीसारखे, समोरची खूण बघून घ्यायची, हे शिकावे लागते. आमची खूण मशिदीचा मिनार. मान जास्त उचलली की कंबर बुडते आणि सगळा वेग जातो. हे जमायला चार रविवार गेले.

आणि वेळ. भाईच्या बाबतीत काय चुकले ते आम्हाला ठाऊक होते, म्हणून भरती-ओहोटी बघितल्याशिवाय पाय घालायचा नाही हे ठरलेले. पहिल्या रविवारी आम्ही मोबाइलवर वेळा शोधत बसलो होतो. मागच्या परसातून अम्माचा आवाज आला, ‘‘चांद कितवा?’’

लेकीने कॅलेंडर बघून सांगितले, आठवा.

‘‘मग सहाला भरती पुरी. बाराला सुकती.’’

मोबाइल थोड्या मिनिटांच्या फरकाने तेच सांगत होता. हा हिशेब तिला आजोबांनी शिकवलेला. चांदाची तारीख घ्यायची, तिची पाऊणपट करायची, येतील तितके तास बारा वाजल्यापासून मोजायचे, की भरती पुरी होण्याची वेळ आली. चौथ्या चांदाला तीन, आठव्याला सहा, बाराव्याला नऊ. पंधरा उलटले की पंधरा वजा करून पुन्हा पहिल्यापासून. चांदाची तारीख आणि पंचांगाची तिथी यांत एखाद्या दिवसाचा फरक पडतो, आणि जागोजागी वेळ थोडी मागेपुढे होते, त्यामुळे हिशेब ढोबळ आहे. पण भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, हे त्यातले मर्म. चांदाची तारीख भिंतीवर असलेल्या आपल्या घरांत हा हिशेब विसरला गेला, याचे वाईट वाटते. आठव्या-नवव्या चांदाच्या सुमारास भांग असतो, पाणी मवाळ. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा ओढ जबर. भरती पुरी झाली की थोडा वेळ पाणी उभे राहते, नवशिक्याने पोहायचे ते त्या वेळी.

त्यानंतर दर रविवारी आम्ही निघण्याआधी आवाज येई, ‘‘चांद कितवा?’’ नोव्हेंबरच्या एका रविवारी खाडीतून परत आलो तर अम्माची खाट पुढच्या पडवीत होती. कोणी हलवली ते आम्ही विचारले नाही. घरात कुणीच विचारले नाही.

संध्याकाळी लेक दादीला मोबाइलवरून पोहणाऱ्यांच्या गोष्टी वाचून दाखवी. १९५० साली इंग्लिश खाडी पोहून जाण्याची शर्यत लागली होती. ती इजिप्तच्या सैन्यातील हसन अब्देल रहीम यांनी १० तास ५० मिनिटांत जिंकली. अम्माने विचारले, बाकीचे? लेक म्हणाली, बरेच जण होडीत बसून परत आले. अम्मा म्हणाली, शहाणे होते. अलेक्झांड्रियाचे अब्देल लतीफ अबू हैफ तर १९६३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरात ६० मैल पोहले, ३४ तासांहून जास्त वेळ, रात्र धरून. हे ऐकल्यावर अम्माला पहिली काळजी पडली ती नमाज कशी पढली असेल याची. दुसरी, त्याच्या आईला कोणी कळवले होते का.

मोहल्ल्यात अर्थात बोलणे झाले. जुमाच्या नमाजनंतर एका स्नेह्यांनी खांद्यावर हात ठेवून विचारले, ‘‘या वयात हे कशासाठी?’’ आमच्याजवळ चांगलेसे उत्तर नव्हते. गुडघा, असे सांगितले.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे मालवणला एका नातलगांकडे उतरलो. अम्मासुद्धा आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच समुद्राच्या कामासाठी घराबाहेर पडली होती. फजर करून किनाऱ्यावर गेलो तर जत्रा भरल्यासारखी गर्दी. पहिली-दुसरीतली वाटावीत अशी पोरे आणि आमच्याहून वडीलधारी माणसेही, दंडावर मार्करने लिहिलेले नंबर, डोक्यावर भडक रंगाच्या टोप्या. भडक एवढ्यासाठी, की लाटांत माणसाचे फक्त डोके दिसते. मानेला, काखेत आणि जांघेत व्हॅसलीन चोपडून घेतले, नाहीतर खाऱ्या पाण्यात कातडी घासून सोलवटते. अम्माने दुआ पढून फुंकर घातली आणि फक्त दोन शब्द म्हणाली, ‘‘अट आठवते?’’

सुरुवातीची शिट्टी झाली आणि माणसांचा लोंढा पाण्यात शिरला. कुणाची लाथ बरगडीत, कुणाचा हात तोंडावर. इथे आमची पहिली चूक झाली. गर्दीतून सुटायचे म्हणून आम्ही पहिला किलोमीटर आमच्या वेगापेक्षा फार जोरात काढला. दुसरी चूक आदल्या रात्रीची. पोट जड नको म्हणून पाणीसुद्धा बेताने प्यालो होतो. पाण्यात घाम दिसत नाही, पण येतो. शिवाय खारे पाणी तोंडात जातच राहते, जीभ सुजल्यासारखी होते, आणि घशाला कोरड पडलेली असताना चहूकडे पाणीच पाणी.

दोन किलोमीटरपर्यंत सगळे छान चालले होते. खरे सांगायचे तर सुख वाटत होते. वर ऊन, खाली हिरवट पाणी, कानांत स्वतःचाच श्वास. मनगटाला जेलीफिशचा चटका बसला, झोंबला, पण त्याचे काही विशेष वाटले नाही. तिसरा किलोमीटर सरता सरता उजव्या पोटरीत गोळा आला. तेव्हा घाबरायचे नाही, उताणे व्हायचे, पायाचा अंगठा धरून आपल्याकडे ओढायचा, हे शिकलो होतो. तसे केले, गोळा गेला, पुढे निघालो. पाचेक मिनिटांत पुन्हा आला. एव्हाना वारा उठला होता आणि बारीक लाटा तोंडावर येऊ लागल्या होत्या. समोरचा नारिंगी फुगा जवळ येईना. हात मोजत होतो, तर मोजणी चाळिशीच्या पुढे जाईना, पुन्हा तीस, पुन्हा एकतीस. हे काही ठीक नाही, असे कुठेतरी वाटले, पण ते दुसऱ्याच कुणाला तरी होत असल्यासारखे.

तेवढ्यात कयाक घेऊन फिरणारा सुरक्षेचा एक मुलगा जवळ आला. वीस-बावीसचा असेल. ‘‘काका, ठीक आहे ना? येता का?’’

आणि आम्ही मान हलवून नाही म्हटले.

मान हलवली त्या क्षणी आम्हाला भाई दिसला असे लिहिले तर वाचकांना ते रचलेले वाटेल. तसे काही दिसले नाही. मान हलवून झाल्यावर आम्ही आणखी आठ-दहा हात मारले, आणि मग आपण आता काय केले ते आपल्याच ध्यानात आले. किनाऱ्यावरचे लोक, आमची लेक, जुमाला विचारणारे स्नेही, दोनशे लांब्यांची फुशारकी, हे सगळे त्या मान हलवण्यात होते. दंडात ताकद आहे की नाही हे आम्ही तपासलेच नव्हते. चाळीस वर्षे आम्ही मनातल्या मनात भाईवर रागावलो होतो, की एवढी होडी जवळ असताना वेड्या, बसला का नाहीस? त्याचे उत्तर आम्हाला ५३ व्या वर्षी, भर उजेडात, सुरक्षेच्या सगळ्या व्यवस्थेत मिळाले. सोळा वर्षांच्या पोराजवळ यांतले काहीच नव्हते.

आम्ही हात वर केला. कयाक वळली, मागून होडी आली. होडीचा आधार घेतला की स्पर्धा संपली, हा नियम. दोघांनी काखेत हात घालून वर ओढून घेतले तेव्हा अंग थरथरत होते आणि बोलणे अडखळत होते. एकाने साखर-मिठाचे पाणी पाजले. किती राहिले होते, विचारले. तो म्हणाला, एक किलोमीटरच्या आसपास असेल. तेवढ्यात चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी आमच्या होडीजवळून संथपणे पोहत पुढे गेली. तिच्याकडे बघताना लाज वाटली, खोटे कशाला बोला. लाज होडीत चढल्याबरोबर जात नाही.

किनाऱ्यावर अम्मा खुर्चीतून उठून पाण्याच्या कडेपर्यंत आली होती. चपला ओल्या झालेल्या. होडीतून उतरलो तसे तिने ओढणीच्या टोकाने आमचे तोंड पुसले, लहान पोराचे पुसावे तसे.

‘‘अर्धवट राहिले, अम्मा.’’

‘‘कोणी हसले?’’

‘‘नाही.’’

‘‘हं,’’ अम्मा म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘त्यालाही कोणी हसले नसते.’’ भाईबद्दल तिच्या तोंडून घरात इतक्या वर्षांत निघालेले हे पहिले वाक्य. आमच्याने काही बोलवले नाही. लेक चहा आणायला गेली.

घरी परतताना आम्ही चुका उगाळत बसलो. तलावात जास्त पोहलो, समुद्रात कमी. वाऱ्याच्या दिवशी खाडीत उतरायचे टाळत आलो, आणि स्पर्धेला नेमका वारा आला. पहिला किलोमीटर हळू काढायला हवा होता. निघण्याआधी पोटभर पाणी प्यायला हवे होते. पोटरीचा गोळा त्याचाच. लेक हे सगळे वहीत लिहून घेत होती. आम्हाला वाटले आमच्यासाठीच लिहिते आहे. मग ती म्हणाली, ‘‘अब्बा, पुढच्या वर्षी मीही नाव देणार. छोट्या अंतराला.’’

गाडीत कुणी काही बोलले नाही. तिच्या अम्मीने आमच्याकडे बघितले, आम्ही अम्माकडे. अम्मा खिडकीबाहेर बघत बोटांची पेरे मोजत होती. आम्हाला वाटले तस्बीह पढते आहे.

‘‘आज चांद दहावा,’’ ती म्हणाली. ‘‘पुढच्या वर्षी याच तारखेला एकविसावा पडेल. पंधरा गेले, राहिले सहा. साडेचारला भरती पुरी. म्हणजे सकाळी तुम्ही उतराल तेव्हा पाणी बाहेर ओढत असेल.’’ आणि लेकीकडे वळून म्हणाली, ‘‘उतरताना किनाऱ्याच्या बाजूने राहायचे. आणि अट तीच.’’